शिक्षा की चिकित्सा? अंमली पदार्थांचा कायदा आणि वैद्यवर्गाचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास, चिकित्सालय बंद करण्याच्या वेळी, एक ट्रकचालक आपल्या मेव्हण्याच्या आधाराने आमच्याकडे आला. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, द्रवमलप्रवृत्ती, अंगावर काटा आणि पिंडऱ्यांत असह्य गोळे. प्रथमदर्शनी अतिसाराचा रुग्ण वाटावा अशी स्थिती. परंतु डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या आणि शंका आली. मेव्हण्यास बाहेर बसवून विचारणा करताच त्याने खिशातून एक रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली. डबीवर आपल्याच शास्त्रातील एका रसकल्पाचे नाव होते आणि घटकद्रव्यांत अहिफेन. लांबच्या फेऱ्यांचा शीण जावा म्हणून प्रारंभी रोज एक गोळी, दोन वर्षांत रोजच्या दहा. ज्या दुकानातून तो त्या नेत असे तेथील माल चार दिवसांपूर्वी संपला होता.

"डॉक्टरसाहेब, पोलिसांत कळवणार नाही ना?" हे त्याचे पहिले वाक्य होते. पोटातील मुरड्याविषयी तो नंतर बोलला.

या प्रसंगाने आम्हांस दोन गोष्टींचा विचार करावयास लावले. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णास वैद्याकडे येण्यापूर्वी पोलीस ठाणे आठवावे, ही एक. ज्या वस्तूने त्याची ही दशा केली ती गल्लीतील गर्दविक्याकडून न येता आपल्याच व्यवसायाच्या फळीवरून, मागेल त्याला, मागेल तितकी मिळत होती, ही दुसरी. अंमली पदार्थांचे सेवन गुन्हा मानावे की नाही, याविषयी जगभर गेली पंचवीस वर्षे वाद चालू आहे. त्या वादात आयुर्वेदीय वैद्यवर्गाने आजवर फारसे लक्ष घातलेले नाही. ते घालण्याची वेळ आली आहे, असे आमचे मत असल्याने हा लेखनप्रपंच.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्द स्वच्छ करून घेणे आवश्यक आहे. सेवन करणाऱ्यास फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणे ही एक गोष्ट. पदार्थाची विक्री कायदेशीर करणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट. आणि वैद्याच्या देखरेखीखाली त्याचा औषधी उपयोग करणे ही तिसरी. वृत्तपत्रांतील चर्चेत या तिन्हींची खिचडी होते. एक पक्ष म्हणतो, "सारे मोकळे करा". दुसरा म्हणतो, "सारे तुरुंगात टाका". पहिल्या गोष्टीस आम्ही या लेखात 'गुन्हामुक्ती' म्हणू. तिच्यात पदार्थ निषिद्धच राहतो, तो जप्त होतो, विकणाऱ्यास शिक्षा होते. केवळ स्वतःसाठी अल्प प्रमाणात बाळगणाऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात नाही.

आपल्या कायद्याची घडण

भारतात १८९३ साली ब्रिटिश सरकारने गांजा, चरस व भांग यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने सुमारे बाराशे साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. मर्यादित सेवनापासून विशेष हानी होत नाही, अतिसेवन मात्र अपायकारक आहे, आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर व परवाने यांद्वारे नियंत्रण करणे इष्ट, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये भांग-गांजाचा औषधेतर उपयोग पंचवीस वर्षांत बंद करण्याचे बंधन आले. तथापि त्या कराराच्या व्याख्येतून शेंड्याविरहित पाने व बिया वगळल्या गेल्या. १९८५ मध्ये आपल्याकडे अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला तेव्हा हीच व्याख्या कायम राहिली. म्हणूनच गांजा व चरस केंद्रीय कायद्याने निषिद्ध, तर केवळ पानांची भांग राज्यांच्या अबकारी नियमांखाली, अशी स्थिती आज आहे.

या कायद्याच्या कलम २७ अन्वये सेवन हाच गुन्हा आहे. हेरॉइन, मॉर्फिन, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २००१ च्या दुरुस्तीने अल्प प्रमाण व व्यापारी प्रमाण असा भेद आला: हेरॉइन ५ ग्रॅम, अफू २५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलो येथवर अल्प प्रमाण. याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्तीने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिच्यावर खटला न चालण्याची सोय त्यात केलेली आहे. आम्ही अनेक व्यवसायबंधूंस या कलमाविषयी विचारले. बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते. वैद्यासच ठाऊक नसलेली सवलत रुग्णाच्या पदरी कशी पडावी?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस घेतात; त्यांपैकी भांग घेणारे सुमारे २.२ कोटी. अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी आणि त्यांतील सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. अवैध पदार्थांच्या अधीन झालेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकास कधीतरी रुग्णालयात राहून उपचार मिळालेला होता. शिक्षेचे भय चार दशके जागे असूनही एवढी संख्या शिल्लक असेल आणि उपचार इतक्या थोड्यांपर्यंत पोहोचत असेल, तर हत्यार चुकीच्या जागी उगारले जात आहे असे म्हणणे भाग आहे.

तीन देश, तीन धडे

गोव्यामुळे ज्या देशाचे नाव आपणांस घरातल्यासारखे परिचित आहे त्या पोर्तुगालपासून प्रारंभ करू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे शंभरांत एक मनुष्य हेरॉइनच्या नादी लागला होता, असा अंदाज होता. शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून १ जुलै २००१ पासून नवा कायदा अमलात आणला. दहा दिवसांच्या वैयक्तिक सेवनास पुरेल इतका साठा बाळगणारा मनुष्य न्यायालयाऐवजी एका तीन सदस्यांच्या समितीपुढे जातो. तिच्यात विधी, आरोग्य व समाजकार्य या क्षेत्रांतील माणसे असतात. ती त्याची अवस्था पाहते, गरज असल्यास उपचाराकडे वळवते, क्वचित दंड करते. त्याच वेळी उपचारकेंद्रे, मेथॅडोन, सुया बदलून देण्याची सोय यांवर मोठा खर्च झाला. सुईवाटे मादक द्रव्ये घेणाऱ्यांतील एचआयव्हीचे नवे रुग्ण २००१ मध्ये हजाराहून अधिक होते. दोन दशकांत ती संख्या पन्नासाच्याही आत आली. तुरुंगांत अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांखाली असलेल्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते, ते निम्म्यावर आले. सेवन बेसुमार वाढेल हे भाकीत खरे ठरले नाही. परंतु २०१२ नंतर आर्थिक टंचाईत या व्यवस्थेची रसद तुटली, तिची यंत्रणा विभागली गेली, आणि अलीकडे पोर्तोसारख्या शहरांत उघड्यावरील सेवन पुन्हा डोळ्यांवर येऊ लागले. २०२४ पासून तेथे पुन्हा एकच स्वतंत्र संस्था कार्यरत झाली आहे. अर्थात, कायदा तोच राहिला, उपचार आखडले आणि फळ आटले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील मतदारांनी कौल दिला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्यास केवळ शंभर डॉलरपर्यंतचा दंड राहिला. एका दूरध्वनी क्रमांकावर संपर्क करून तपासणी करून घेतल्यास तोही माफ. प्रत्यक्षात संपर्क करणारे अत्यल्प निघाले, दंड न भरणाऱ्यांस कोणी विचारले नाही, आणि उपचारासाठी ठेवलेला निधी संस्थांच्या हाती पडण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. नेमके त्याच काळात फेंटॅनिल हे अत्यंत तीव्र कृत्रिम ओपिऑइड त्या भागात पसरले आणि मृत्यू वाढले. मृत्यू कायद्यामुळे वाढले की फेंटॅनिलमुळे, यावर अभ्यासकांत वाद झाला. फेंटॅनिलच्या प्रसाराचा हिशेब धरल्यावर कायद्याशी संबंध दिसत नाही, असे २०२४ मधील एका अभ्यासाने दाखविले. लोकांचा धीर तोवर सुटला होता. १ सप्टेंबर २०२४ पासून तेथे बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. दार उघडले खरे, पण आत वैद्यच बसलेला नव्हता.

तिसरे उदाहरण आपल्या व्यवसायास सर्वांत जवळचे. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजाची वनस्पती अंमली पदार्थांच्या यादीतून वगळली. पारंपरिक थाई वैद्यकास उत्तेजन हा त्यामागील एक घोषित हेतू होता. विक्रीचे नियम मात्र वेळेवर झाले नाहीत आणि पाहता पाहता पर्यटनस्थळी हजारो दुकाने उभी राहिली. 'औषधी उपयोग' हे शब्द पाटीवर राहिले, आत चालला तो करमणुकीचा धंदा. जून २०२५ मध्ये शासनास फुलांची विक्री चिकित्सकाच्या चिठ्ठीवरच व्हावी असा नियम करावा लागला. पारंपरिक वैद्यकाचे नाव पुढे करून बाजार आत शिरतो आणि बदनामी वैद्यकाची होते, हा यातील धडा आपण विसरू नये.

या तिन्हींचे तात्पर्य आम्हांस असे दिसते: शिक्षा काढल्याने आपोआप कोणी बरा होत नाही, तिच्या जागी चिकित्सा उभी केली तरच लाभ होतो, आणि विक्री मोकळी सोडणे हा सर्वस्वी वेगळा व घातक मार्ग आहे.

आचार्यांची दृष्टी

व्यसनाधीनता ही व्याधी आहे हे मान्य करण्यास आपणांस पाश्चात्त्यांची साक्ष काढण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी मदात्ययास चिकित्सास्थानात स्वतंत्र, चोविसावा, अध्याय दिला. दोषांनुसार भेद सांगितले, आहार सांगितला, मनास आल्हाद देणारे वातावरण सांगितले. दंडाचा तेथे उल्लेख नाही.

त्या अध्यायातील दोन सिद्धान्त आजच्या चर्चेत मोलाचे आहेत. पहिला असा की, मद्याच्या मिथ्या, अति वा हीन सेवनाने जो विकार उद्भवतो तो त्याच मद्याच्या योग्य मात्रेतील सेवनाने शमतो. आज अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन वा मेथॅडोन देऊन रुग्णास स्थिर केले जाते. आपल्यातील काही जण त्याची 'एक व्यसन काढून दुसरे दिले' म्हणून हेटाळणी करतात. त्यांनी हा अध्याय पुन्हा उघडावा. तत्सम द्रव्य, नियत मात्रा, वैद्याची देखरेख ही दिशा आचार्यांस परकी नव्हती. सूत्रस्थानात अहितकर सवय पादांशाने, म्हणजे चतुर्थांश-चतुर्थांशाने, क्रमशः सोडावी असे जे सांगितले आहे तेही याच दिशेचे आहे.

दुसरा सिद्धान्त ध्वंसक व विक्षय या विकारांचा. मद्यपान सोडून दिलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमात्रेत पिऊ लागला तर हे कष्टसाध्य विकार होतात. सात्म्य गेलेले असते, मात्रा मात्र जुनीच घेतली जाते. हाच प्रकार आज कारागृहांच्या दाराशी घडतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या बंद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याची जोखीम तेथील सामान्य रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट आढळली. आत असताना पदार्थ तुटतो, सहनशक्ती ओसरते, बाहेर येताच जुनी मात्रा घेतली जाते आणि श्वास थांबतो. सेवन करणाऱ्यास उपचाराविना तुरुंगात धाडणे हे या अर्थाने त्यास ध्वंसकाच्या तोंडी देणे आहे.

हाच इशारा आपल्यालाही लागू आहे. आठ-पंधरा दिवसांचे पंचकर्म करून 'व्यसनमुक्तीची हमी' देणाऱ्या जाहिराती आपल्या व्यवसायबंधूंकडूनही झळकतात. अफूवर्गीय व्यसनात केवळ शरीरशुद्धी करून रुग्णास घरी धाडणे म्हणजे त्याची सहनशक्ती घालवून त्यास पूर्वीच्याच परिस्थितीत सोडणे होय. पाठपुरावा, कुटुंबाचे समुपदेशन आणि आवश्यक तेथे तज्ज्ञ मनोविकारचिकित्सकाकडे पाठविणे यांविना असा उपचार आम्ही धोकादायक मानतो. पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभे केले ते गर्दने पोखरलेल्या तरुणांना माणूस म्हणून वागवूनच. ते उदाहरण आपल्या दाराशी आहे.

आपली फळी, आपले उत्तरदायित्व

आता अप्रिय भागाकडे वळू. अहिफेन बृहत्त्रयीत नाही. ते नंतर आले. शार्ङ्गधराने भांग व अहिफेन यांना व्यवायी द्रव्यांची उदाहरणे म्हणून सांगितले, म्हणजे पचनापूर्वीच देहभर पसरणारी. इतक्या आशुकारी द्रव्यास आचार्यांनी शोधन, मात्रा व अनुपान यांचे कुंपण घातले. अतिसारात कर्पूररस, ग्रहणीत जातीफलादि चूर्ण यांचा गुण ज्याने पाहिला आहे तो या द्रव्यांस निरुपयोगी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही.

प्रश्न कुंपणाचा आहे. औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये अहिफेन व भांग या दोहोंचा समावेश आहे आणि अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. परंतु आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनास परवाना लागतो, विक्रीस वेगळा परवाना लागत नाही. परिणामी ती सूचना छापील अक्षरांपुरती उरते. मुनक्क्याच्या नावाने भांगमिश्रित गोळ्या पानपट्टीवर विकल्या जातात आणि त्यांच्या पुडीवर 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द असतात. कामिनीविद्रावण रसाचे नाव तर परदेशांतही मॉर्फिनयुक्त गोळी म्हणून कुप्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील आरोग्य यंत्रणेस तिच्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. औषधविक्रेत्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, ०.२ टक्क्यांहून अधिक मॉर्फिन असलेला कल्प १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येत येतो. 'आयुर्वेदिक आहे' एवढे उत्तर तपासणीच्या वेळी पुरत नाही.

काही विक्रेतेमित्र म्हणतील, "आम्ही नाही दिले तर शेजारचा देईल." खरे आहे. ट्रकचालकास गोळ्या देणारे दुकानदारही आमच्या परिचयाचे, सज्जन गृहस्थ होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांची भेट घेतली. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, तो माणूस आठवड्याला पाच-सहा डब्या नेतो तेव्हा पुढे कोणाला विकत असेल, असा त्यांचा समज होता. तो स्वतःच घेत असेल हे त्यांच्या मनातही आले नव्हते. त्यात द्वेष नव्हता, लोभही फारसा नव्हता. केवळ विचारण्याची पद्धत नव्हती. आम्हीही आजवर आमच्या चिठ्ठीवर 'पुन्हा देऊ नये' असे कधी लिहिले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आमची भूमिका

वरील विवेचनावरून आमचे मत थोडक्यात असे. स्वतःसाठी अल्प प्रमाणात बाळगणे व सेवन करणे यांस फौजदारी शिक्षेतून वगळावे आणि त्याजागी उपचाराकडे नेणारी, वैद्य व समाजकार्यकर्ते असलेली व्यवस्था आणावी. २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने अशाच आशयाची सूचना केल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती कायद्यात उतरली नाही. मात्र ही व्यवस्था उपचारकेंद्रे उभी करण्याआधी आणू नये. ओरेगॉनची चूक आपल्यास परवडणारी नाही. विक्रेते, साठेबाज व मेफेड्रोनसारखी द्रव्ये तयार करणारे कारखानदार यांवरील कारवाई तसूभरही सैल होऊ नये. करमणुकीसाठीच्या खुल्या विक्रीस आमचा विरोध आहे आणि 'औषधी गुण' हे कारण त्यासाठी पुढे केले जात असेल तर तो विरोध अधिकच तीव्र आहे.

तरुण बिघडतील, अशी भीती पालकांस वाटते. ती भीती आम्हीही एका घरात राहून जाणतो. परंतु ज्या मुलाने एकदा चूक केली त्याच्यावर गुन्ह्याचा शिक्का बसला की, नोकरी, पारपत्र, विवाह सारेच अवघड होते, आणि व्यसनाखेरीज त्याला दुसरा आधार उरत नाही. लवकर येणारा रुग्ण लवकर बरा होतो, हे कोणत्याही व्याधीप्रमाणे येथेही खरे आहे. तो लवकर येण्यासाठी आपले दार त्याला निर्भय वाटले पाहिजे.

सरकारकडे मागणी करण्यापूर्वी काही गोष्टी आपण आपल्या हातांनी करू शकतो. अहिफेन वा भांग असलेला प्रत्येक कल्प नोंदणीकृत वैद्याच्या दिनांकित चिठ्ठीवरच द्यावा आणि चिठ्ठीवर मात्रा व दिवस लिहावेत. विक्रेत्यांनी अशा औषधांची साधी वही ठेवावी: रुग्णाचे नाव, वैद्याचे नाव, दिलेली संख्या. एकच मनुष्य वारंवार येऊ लागला तर त्यास नकार देऊन हाकलू नये; वैद्याकडे धाडावे, कारण एकाएकी तुटलेला पुरवठा काय करतो ते आम्ही त्या रात्री पाहिले आहे. जवळच्या शासनमान्य व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता प्रत्येक चिकित्सालयात दिसेल असा लावावा आणि कलम ६४अ मधील सवलत रुग्णास समजावून सांगावी. संघटनेच्या जिल्हा शाखांनी या विषयावर वर्षातून एक तरी चर्चासत्र घ्यावे आणि औषधविक्रेत्यांना त्यात सन्मानाने बोलवावे.

त्या ट्रकचालकास आम्ही स्वतः बरोबर जाऊन तज्ज्ञांकडे पोहोचविले. तो पुढे दीर्घकाळ नियमाने उपचार घेत राहिला. मध्यंतरी एकदा घसरला, पुन्हा परतला. आज तो लांबच्या फेऱ्या करीत नाही, तालुक्याच्या गावी मालवाहू टेम्पो चालवितो. दिवाळीत भेटावयास येतो तेव्हा अजूनही दारात क्षणभर थांबतो आणि आत दुसरे कोणी नाही ना, हे पाहतो. त्याचे ते थांबणे बंद होईल अशी व्यवस्था कायद्याने करावी, आणि त्यास पुन्हा ती डबी सहज मिळणार नाही अशी व्यवस्था आपण करावी. या विषयावर व्यवसायबंधूंची अनुकूल-प्रतिकूल मते अवश्य यावीत, अशी विनंती करून आम्ही थांबतो.